ओझ्याचे मोजमाप

पोत्यावर छापलेले वजन हे हमालीतील धोक्याचे सर्वांत सोपे माप आहे आणि बहुतेक वेळा सर्वांत अपुरेही. पन्नास किलोचे पोते जमिनीवरून उचलले, कमरेच्या उंचीवरून ओढून पाठीवर घेतले किंवा हात लांबवून थप्पीच्या मागच्या ओळीत ढकलले, तर प्रत्येक वेळी शरीरावर येणारा ताण निराळा असतो. ते दिवसात दहा वेळा उचलायचे की तीनशे वेळा, मोकळ्या सावलीत की पत्र्याच्या शेडमध्ये, रोजावर की नगावर, यानेही हिशेब बदलतो. अंगमेहनतीच्या कामाचे मूल्यमापन म्हणजे ओझे, शरीर, जागा आणि वेळ या चारही गोष्टी एकत्र मोजणे. कायदा, ठेकेदार आणि पुष्कळदा कामगारही यांपैकी फक्त पहिली मोजतात.

भिवंडी तालुका या विषयाचे चालतेबोलते संग्रहालय म्हणावा असा आहे. शहरात यंत्रमाग, तिथे सुताच्या गोण्या, कापडाचे तागे आणि सूत गुंडाळलेले अवजड बीम माणसांच्याच खांद्यावरून फिरतात. शहराबाहेर गोदामे. मुंबईच्या जकात हद्दीच्या बाहेर, पण मुंबई-नाशिक महामार्गावर आणि बंदराच्या आवाक्यात असल्याने ती येथे वाढली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, तरी गोदामे कमी न होता मोठी झाली. उत्तरेला वाडा रस्त्याच्या बाजूला अंबाडी-दिघाशीच्या पट्ट्यात भातशेती आणि वीटभट्ट्या. या भागातले एकच कुटुंब पावसाळ्यात आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला वाकते, दिवाळीनंतर भट्टीवर विटा वाहते आणि त्यातला तरुण मुलगा गोदामात खोकी उतरवतो. त्याच्या कमरेवर वर्षभराची बेरीज येते. मूल्यमापनाचा कागद मात्र एका मालकाच्या एका शेडपुरता असतो, हा या शास्त्राचा पहिलाच अडथळा आहे.

शरीराच्या बाजूने पाहिले तर कमजोर जागा ठरलेली आहे: कमरेचा पाचवा मणका आणि त्याखालची त्रिकास्थी यांच्यामधील गादी. ओझे हातात धरून पुढे वाकले की कणा पहारीसारखा वागतो. टेकू या गादीवर, लांब टोकाला ओझे आणि आखूड टोकाला पाठीचे स्नायू. हे स्नायू मणक्याच्या केंद्रापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर मागे असतात. पन्नास किलोचे पोते कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे असेल, तर त्याला तोलण्यासाठी स्नायूंना सुमारे ४०० किलो वजनाइतकी ओढ लावावी लागते आणि ती सगळी गादीवर दाब म्हणून उतरते. पोते आणि वाकलेले धड यांचे वजन त्यात अजून धरलेलेच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, या गादीसाठी ३,४०० न्यूटन ही सावधगिरीची मर्यादा मानली आहे. ती सुमारे ३५० किलो वजनाएवढी होते. तेच पोते २० सेंटिमीटरवर, पोटाशी आले की ओढ निम्मी होते. अंतराचा परिणाम वजनाइतकाच असतो, आणि अंतर बदलायला पोते फोडावे लागत नाही.

या हिशेबाने हमालांची जुनी पद्धत तपासली तर ती शहाणपणाची ठरते. दोघांनी पोत्याची टोके धरून ते तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचे, तिसऱ्याने किंचित झुकून चालायचे. यात ओझ्याचा मध्य कण्याच्या जवळ राहतो. डोक्यावर चुंबळ ठेवून पाटी वाहण्यातही तेच. दत्ता आणि रामनाथन या भारतीय संशोधकांनी १९७१ मध्ये ३० किलोचे ओझे वाहण्याच्या सात पद्धतींची तुलना केली. छाती आणि पाठ यांवर विभागून नेलेल्या ओझ्याला सर्वांत कमी ऊर्जा लागली, डोक्यावरच्या ओझ्याला त्याहून थोडीशीच जास्त, तर दोन्ही हातांत लटकावून नेण्याला सर्वांत जास्त, म्हणजे पहिल्या पद्धतीच्या जवळपास दीडपट. डोक्यावरचे ओझे म्हणजे मागासलेपणा, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. अर्थात फुप्फुसांना जे स्वस्त ते मानेच्या मणक्यांना स्वस्त असेलच असे नाही. ऊर्जेच्या मोजणीत मानेवरचा दाब दिसत नाही.

इथे मूल्यमापनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. हृदय आणि कणा हे दोन वेगळे परीक्षक आहेत आणि त्यांचे निकाल जुळतीलच असे नाही. टोळीत पोते उचलून देणारा माणूस फारसा चालत नाही. त्याची नाडी पाठीवर पोते घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्यापेक्षा कमी असते, म्हणून ते काम हलके समजून वयस्कर गड्याला दिले जाते. प्रत्यक्षात वाकून, हात पुढे करून, अर्धवट पिळलेल्या कमरेने दर उचलीला सर्वांत मोठा दाब तोच सोसतो. उलट वाहणाऱ्याची कंबर तुलनेने सुरक्षित, पण त्याचा दम आणि गुडघे लवकर जातात, आणि ओली फळी हा त्याचा स्वतंत्र शत्रू. एकाच टोळीत दोन कामे आणि दोन धोके. सरासरी काढली तर दोघांचेही चित्र चुकते.

हृदयाची बाजू मोजण्याचे एक पायाभूत काम मुंबईतच झाले आहे. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेतील साहा, दत्ता आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये भारतीय कामगारांसाठी स्वीकारार्ह श्रमभार किती, याचे उत्तर दिले: माणसाच्या कमाल प्राणवायू-क्षमतेच्या सुमारे ३५ टक्के, मिनिटाला १८ किलोज्यूल ऊर्जा आणि मिनिटाला सुमारे ११० नाडीचे ठोके. ही मर्यादा आठ तासांच्या सरासरीची आहे, एखाद्या क्षणाची नाही. पोते चढवताना नाडी १४० वर गेली तर ते आपोआप गैर ठरत नाही. मधल्या विश्रांतीसह पाळीची सरासरी कुठे राहते, ते पाहायचे असते. तिशीनंतर कमाल क्षमता दर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी घसरते. म्हणून पंचविशीच्या तरुणाला ३५ टक्के वाटणारे काम पन्नाशीच्या माणसाला ४५ टक्क्यांच्या आसपास पडते. टोळीत मजुरीची वाटणी समान, पण खर्च समान नाही.

नाडी मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. ल्युसियन ब्रूहा यांची पद्धत घड्याळ आणि बोटे यांवर भागते. काम थांबताच कामगाराला बसवायचे आणि पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या मिनिटाच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात ठोके मोजून दुप्पट करायचे. पहिला आकडा ११० किंवा कमी असेल आणि तिसरा त्याहून निदान दहाने उतरला असेल, तर शरीर सावरते आहे. उतार मंद असेल, किंवा सकाळपेक्षा संध्याकाळी तो मंदावत असेल, तर थकवा साचतो आहे. गोदामाच्या दारात खुर्ची टाकून हे कोणालाही करता येते. मात्र मोजणारा माणूस मुकादम नसावा, नाहीतर आकडे त्याच्या धाकाने बिघडतात.

कण्याची बाजू मोजण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाते ते नायॉशचे उचल-समीकरण. ते १९८१ मध्ये आले आणि १९९१ मध्ये सुधारले. त्याची रचना नम्र आहे. अगदी आदर्श स्थितीत २३ किलो उचलणे बहुसंख्य निरोगी माणसांना झेपते असे धरायचे आणि स्थिती जसजशी बिघडेल तसतसा एकेक गुणक लावून तो आकडा कमी करायचा. ओझे घोट्यांपासून किती दूर, हात किती उंचीवर, किती उंच न्यायचे, कंबर किती अंशांत वळते, मिनिटाला किती उचली आणि किती तास, आणि पकड कशी, असे सहा गुणक.

एक प्रातिनिधिक काम घेऊ. कंटेनरच्या तळावरचे २० किलोचे पुठ्ठ्याचे खोके उचलून पॅलेटवर लावायचे आहे. खोके रुंद असल्याने हात घोट्यांपासून ४० सेंटिमीटर पुढे जातात. २३ चे १४.४ झाले. उचल जमिनीपासून १५ सेंटिमीटरवरून, ११.८. ते ९० सेंटिमीटर वर न्यायचे, १०.३. पॅलेट बाजूला असल्याने कंबर ४५ अंश वळते, ८.८. मिनिटाला तीन खोकी, दिवसभर. येथे आकडा एकदम ४.८ वर कोसळतो. खोक्याला मूठ नाही, नुसती बोटे खालून घालता येतात, ४.६. म्हणजे या परिस्थितीत शिफारसयोग्य वजन साडेचार किलोंच्या आसपास, आणि प्रत्यक्षातले त्याच्या चौपटीहून अधिक. हे गुणोत्तर म्हणजे उचल-निर्देशांक. तो एकच्या आत असावा. तीनच्या पुढे गेल्यावर कमरेच्या दुखण्याचा धोका पुष्कळांना आहे असे समजावे.

आता तेच खोके, तोच माणूस, पण माल पॅलेटवर बांधून आला आहे आणि ते पॅलेट उंची बदलणाऱ्या टेबलावर ठेवले आहे. हात ३० सेंटिमीटरवर, सुरुवात कमरेजवळ ७५ सेंटिमीटरवर, वर नेणे फक्त ३०, वळण नाही. मर्यादा १०.२ किलो होते, निर्देशांक दोनच्या खाली येतो. दोन तासांनंतर काम बदलून दिले आणि त्यानंतर किमान त्याच्या तीन-दशांश काळ हलके काम ठेवले, तर मर्यादा १४.७ आणि निर्देशांक १.४. एवढ्यावर ‘खोकेच १२ किलोचे करा’ असे कोणी म्हणेल. ते योग्य आहे, पण माल तेवढाच उतरवायचा असेल तर मिनिटाला तीनऐवजी पाच खोकी होतात. मर्यादा पुन्हा ११ च्या आसपास उतरते आणि निर्देशांक १.१ वर थांबतो. वजन घटवल्याचा बराचसा फायदा वेग खाऊन टाकतो. साखरेचे पोते शंभर किलोचे पन्नासवर आले ही मोठीच सुधारणा, पण नगावरची मजुरी दोन पोती एकदम घेण्याचा मोह निर्माण करते, आणि मग सुधारणा कागदावर उरते.

समीकरणाला स्वतःच्या मर्यादा आहेत आणि त्या भिवंडीत नेमक्या नडतात. ते हवामान १९ ते २६ अंश सेल्सियस आणि आर्द्रता ३५ ते ५० टक्के धरून चालते. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये असे हवामान कधीच नसते. काही पावलांपेक्षा लांब वाहणे, एका हाताने उचलणे, ढकलणे-ओढणे, निसरडी जमीन, हेही त्यात नाही. उष्णतेसाठी ओल्या गोळ्याच्या तापमापीवर आधारलेला निर्देशांक वेगळा मोजावा लागतो. जड काम करणाऱ्या, उन्हाला सरावलेल्या माणसासाठी त्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा २६ अंशांच्या आसपास आहे. कोकणपट्टीत एप्रिल-मेमध्ये ती सावलीतही ओलांडली जाते. वाहण्यासाठी आयएसओ ११२२८ या मानकाचा २००३ मधील पहिला भाग उपयोगी पडतो. एका माणसाने आठ तासांत एकूण १०,००० किलोपेक्षा जास्त माल हाताळू नये, आणि वीस मीटर वाहायचा असेल तर ६,००० किलो. वीस टनांचा कंटेनर पाच जणांनी उतरवला तर प्रत्येकी चार टन होतात. त्याच दिवशी दुसरा लागला की आठ, आणि गोदाम खोल असेल तर मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते.

जिथे उचल कमी पण शरीर अवघडलेले, तिथे ठेवणीच्या पद्धती कामाला येतात. फिनलंडमधील पोलाद कारखान्यात तयार झालेली ओवॅस, १९९३ ची रूला, २००० ची रेबा. या सगळ्यांत पाठ, मान, हात, पाय यांच्या कोनांना गुण देऊन बेरीज करतात. आवणीत तासन्‌तास वाकलेली बाई किंवा बीम खांद्यावर घेतलेला माणूस यांचे चित्र त्यांत चांगले उतरते. पण या पद्धती एका क्षणाचे छायाचित्र असतात. निरीक्षकाने कोणता क्षण निवडला यावर गुण ठरतात.

वीटभट्टीवर या सगळ्या पद्धती एकत्र वापराव्या लागतील, आणि बहुधा एकही वापरली जात नाही. ठाणे-पालघर पट्ट्यातील भट्ट्यांवर मुख्यतः कातकरी कुटुंबे राबतात. मजुरी हजार विटांवर. एक वीट अडीच ते तीन किलोची, म्हणजे हजार विटा म्हणजे अडीच-तीन टन, आणि थापण्यापासून सुकवणे, भट्टी लावणे, गाडीत भरणे यांत प्रत्येक वीट अनेकदा हाताळली जाते. ओली वीट त्याहून जड. बाईने डोक्यावर दहा विटा घेतल्या तर २५ ते ३० किलो. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांनी प्रौढ पुरुषाला ५५ आणि स्त्रीला ३० किलोची मर्यादा घातली, म्हणजे ही बाई कागदोपत्री त्या मर्यादेतच राहते. दिवसातल्या फेऱ्या आणि वीट थापताना उकिडवे बसणे हे त्या नियमाला दिसत नाही. पावसाळ्यात घेतलेला बयाणा फेडायचा असतो म्हणून कुटुंब आपला वेग स्वतःच वाढवते आणि त्या वेगात मुलेही ओढली जातात. विश्रांतीचे वेळापत्रक आखून देणाऱ्या तज्ज्ञाने आधी हा हिशेब पाहावा. ज्याला थांबण्याची किंमत मोजावी लागते तो थांबत नाही.

मजुरीची पद्धत हा कोणत्याच समीकरणात नसलेला गुणक आहे आणि तो बाकीच्या सर्व गुणकांना हलवतो. महाराष्ट्राला याबाबत एक अनपेक्षित सोय उपलब्ध आहे. अण्णासाहेब पाटील यांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला. त्याने नोंदणी, त्रिपक्षीय मंडळे, लेव्ही, भविष्य निर्वाह निधी आणि मंडळामार्फत मजुरी ही चौकट दिली. नोंदीत टोळीची मजुरी मालाच्या दराने ठरत असेल, तर मजुरीच्या आकड्यावरून माल आणि मालावरून माणशी टनांचा अंदाज काढता येतो. ओझ्याचा इतिहास या वह्यांत हिशेबाच्या रूपाने आधीच लिहिलेला असतो. आरोग्याच्या अंगाने तो वाचला जात नाही, इतकेच. नोंदणीबाहेरच्या ठेकेदारी मजुरांबाबत मात्र हीही सोय नाही.

कायद्याचा दुसरा पदर वजनाच्या मर्यादांचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये कमाल वजनाचा करार केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो सुचवले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३४ इजा होण्याजोगे वजन उचलायला लावण्यास मनाई करत होते. त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टातील कळवण्याजोग्या २९ आजारांत कंबरदुखी मात्र नव्हती. आवाजाने येणारा बहिरेपणा होता, पाठ नव्हती. जे कळवावे लागत नाही ते मोजले जात नाही, आणि मग गोदामात अपघात नाहीत असा समज होतो.

या समजाला आणखी एक कारण आहे. कंबर गेलेला हमाल गोदामात दिसत नाही. तो गावी असतो. कामावर हजर असलेल्यांची तपासणी केली तर टिकून राहिलेले, म्हणजे निवडक मजबूत लोकच सापडतात. १९८७ ची नॉर्डिक प्रश्नावली शरीराच्या नऊ भागांबद्दल मागील बारा महिने आणि मागील सात दिवस यांतील दुखणे विचारते. भिवंडीत ती वापरायची तर गेल्या दोन-तीन वर्षांत टोळी सोडलेल्यांनाही विचारली पाहिजे. दिघाशीसारख्या गावात त्यांना शोधणे गोदामातल्यापेक्षा सोपे असते, कारण गावात सगळ्यांना ठाऊक असते कोणी काम का सोडले.

उपायांच्या बाबतीत सर्वांत स्वस्त ते सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी आहेत. ‘गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा’ अशी भिंतीवरची चित्रे आणि प्रशिक्षणे कंबरदुखी टाळतात याला पुरावा सापडला नाही, असे कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने दाखवले. कमरपट्ट्यांबद्दल नायॉशने १९९४ मध्येच तसाच निष्कर्ष काढला. वाकावे लागेल अशीच जागा असेल तर माणूस वाकणारच. उपयोगी पडते ते जागा बदलणे. माल पॅलेटवर मागवणे, ट्रकच्या फळीच्या उंचीशी गोदामाचा ओटा जुळवणे, हातगाडी आणि पॅलेट ओढण्याची गाडी चालेल असा सपाट मार्ग, थप्पीची सर्वांत खालची आणि खांद्याच्या वरची ओळ हातांनी न लावणे, खोक्याला मूठ. मग टोळीतली कामे फिरवणे, आणि उचलून देणाऱ्यालाही त्या फेऱ्यात घेणे. पाणी आणि सावलीतली विश्रांती मजुरीत धरलेली असावी, सवलत म्हणून नव्हे.

बदल झाल्यावर मोजणी पुन्हा करायची, त्याच सहा गुणकांची आणि त्याच तीन नाड्यांची. तीही वर्षातून निदान दोनदा. एकदा मे महिन्यात, पत्रा तापलेला असताना; आणि एकदा जुलैमध्ये, फळी ओली असताना आणि टोळीतले काही जण पहाटे आवणी करून पाळीला आलेले असताना.